व्हॉल्व्ह बदलण्याआधी : पेंटबॉल मार्करच्या झडपेची निवड

वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा प्रस्तावना न लांबवता विषयालाच हात घालतो.

तळेरे हे तिठ्याचं गाव. गोव्याचा हमरस्ता इथून जातो, एक वाट विजयदुर्गाकडे उतरते, दुसरी वैभववाडीवरून गगनबावड्याचा घाट चढते. घाटावरची मंडळी समुद्राकडे जाताना इथेच चहाला थांबतात. त्यांना आता नुसता समुद्र आणि सोलकढी पुरत नाही. मुलांना काहीतरी ‘ॲक्टिव्हिटी’ लागते. म्हणून कोणी कलमांच्या बागेत दोरीवरची कसरत लावतो, कोणी पेंटबॉलची जाळी ठोकतो. आजचा विषय आम्ही निवडलेला नाही, एका चिठ्ठीने निवडला. मागच्या व्याख्यानानंतर एका तरुणाने ती हातात दिली. त्यात एवढंच होतं : आठ मार्कर आहेत, गिऱ्हाइकं म्हणतात गोळी पोचत नाही, जास्त ताकदीचा व्हॉल्व्ह घ्यायचाय, कोणता घेऊ? आणि खाली आपल्या भाषेत, ‘व्हॉल्व्ह बदललो तर गोळो लांब जातलो मां?’

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. जाईल, चार-एक मीटर. आणि त्या चार मीटरांसाठी एखाद्याचा डोळा जाऊ शकतो. आता हे असं का, आणि मग व्हॉल्व्ह घ्यायचाच नाही का, यावर बोलू.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मार्कर म्हणजे दाबाखालच्या वायूने रंगाची गोळी फेकणारं यंत्र. गोळी साधारण 17 मिलिमीटर व्यासाची, तीन ग्रॅमच्या आसपास, वरून जिलेटिनचं कवच आणि आत पाण्याने धुतला जाणारा रंग. औषधाची मऊ कॅप्सूल ज्या तऱ्हेच्या यंत्रावर बनते त्याच तऱ्हेच्या यंत्रावर ही बनते. ‘बंदूक’ न म्हणता ‘मार्कर’ म्हणतात त्याला कारण आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेत नेल्सन नावाच्या रंगाच्या कंपनीसाठी डेझी या एअरगनवाल्यांनी ‘नेल-स्पॉट 007’ नावाचं पिस्तूल बनवलं, ते तोडायच्या झाडांवर आणि गुरांवर लांबून खूण करण्यासाठी. आपल्याकडे वनखात्याचा माणूस झाडापाशी जाऊन हातोड्याने शिक्का मारतो, त्याचंच हे आळशी भावंड म्हणा. (हशा.) मग 27 जून 1981 रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हेनिकर इथे बारा जणांनी ही पिस्तुलं घेऊन जंगलात निशाणं पळवण्याचा पहिला खेळ खेळला. जिंकला तो रिची व्हाइट, रानात वावरलेला माणूस. आणि तो एकही गोळी न झाडता जिंकला. व्हॉल्व्हच्या जाहिराती वाचताना हे मनात असू द्या.

आता झडप. टेबलावर ही गोटी सोड्याची बाटली ठेवली आहे, ती उगाच नाही. बाटलीतल्या वायूचा दाब काचेच्या गोटीला आतून वर रेटतो आणि गोटी रबरी कड्यावर घट्ट बसते. म्हणजे दाब हाच दरवाजा बंद ठेवतो. जितका दाब जास्त, तितकी गोटी घट्ट. उघडायची तर वरून अंगठ्याने किंवा लाकडी ठोकळ्याने ठोसा द्यावा लागतो. ठोसा दिला की फस्स.

साध्या, यांत्रिक मार्करमधली झडप हेच करते. गोटीच्या जागी छोटी छत्रीसारखी चकती असते, तिला कपसील म्हणतात, आणि तिची दांडी मागे निघालेली असते. मागच्या बाजूला स्प्रिंगने ताणलेला धातूचा जड दट्ट्या असतो; त्याला आपण हातोडी म्हणू. घोडा ओढला की हातोडी सुटते, दांडीवर आपटते, चकती क्षणभर उचलली जाते, वायूची एक झुळूक पुढे गोळीमागे जाते. त्याच झुळकेचा थोडा भाग मागे येऊन हातोडीला परत ढकलतो आणि ती पुढच्या फेकीसाठी अडकून बसते. मग आतला दाब आणि छोटी स्प्रिंग चकतीला पुन्हा जागेवर बसवतात. हे सगळं काही मिलिसेकंदांत उरकतं. टिपमन 98 किंवा स्पायडर जातीचे मार्कर, जे भाड्याच्या मैदानांवर सर्रास दिसतात, ते याच तत्त्वावर चालतात. विजेवर चालणारे महागडे मार्कर वेगळे. त्यांची गोष्ट आज नको.

म्हणजे एका फेकीत किती वायू सुटेल हे तीन गोष्टींवर ठरतं : आत दाब किती, झडपेची वाट किती मोकळी, आणि ती उघडी किती वेळ राहते. ‘अपग्रेड’ म्हणून विकला जाणारा व्हॉल्व्ह यातली मधली गोष्ट बदलतो. भोकं मोठी करतो, कोपरे गोल करतो, कधी आतली पोकळी वाढवतो. बस. जादू काही नाही.

आता हिशेब करू, कारण या विषयात हिशेबाशिवाय सगळ्या नुसत्या बढाया आहेत.

मैदानांवर गोळीच्या वेगाला मर्यादा असते. ती साधारण सेकंदाला 280 ते 300 फूट, म्हणजे वरची मर्यादा जवळपास 91 मीटर. ताशी किलोमीटरमध्ये सांगायचं तर तीनशेच्या वर. तीन ग्रॅमची गोळी या वेगाने निघाली की तिच्यात साडेबारा ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. ही ऊर्जा द्यायला नळीत गोळीमागे सरासरी किती दाब लागतो? नळीच्या पहिल्या 20 सेंटीमीटरमध्ये गोळीला सगळा रेटा मिळतो असं धरा, घर्षण सोडून द्या. उत्तर येतं सुमारे अडीच-पावणेतीन बार. सायकलच्या दुकानाच्या भाषेत चाळीस पौंडांच्या आतबाहेर. म्हणजे चारचाकीच्या टायरात असते त्याहून थोडी जास्त हवा! सिलिंडरातून येतात आठशे पौंड आणि गोळीला लागतात चाळीस. मग उरलेल्या दाबाचं काय होतं? तो पसरण्यात, वळणांत, आवाजात आणि हातोडी मागे ढकलण्यात जातो. चांगली झडप ही नासाडी कमी करते. हा तिचा खरा, प्रामाणिक उपयोग : तोच वेग, कमी वायूत किंवा कमी दाबात. जाहिरातीत मात्र तो ‘ताकद’ म्हणून येतो.

पुढचा हिशेब अंतराचा. गोळी हलकी आणि जाडी आहे, त्यामुळे हवा तिला फार अडवते. 91 मीटर वेगाला हवेचा विरोध गोळीच्या स्वतःच्या वजनाच्या पंधरा-वीस पट असतो. परिणाम असा की तीसेक मीटर जाईपर्यंत तिचा वेग निम्म्यावर येतो. आता समजा, तुम्ही नवा व्हॉल्व्ह घालून सुरुवातीचा वेग दहा टक्क्यांनी वाढवला. गोळी ज्या वेगाने आधी तीस मीटरवर पोचत होती त्याच वेगाने आता चौतीस मीटरवर पोचेल. चार मीटर, मी सुरुवातीला म्हटलं ते हेच. पण ऊर्जा दहा टक्के नाही, एकवीस टक्के वाढते, कारण ती वेगाच्या वर्गावर जाते. आणि ही वाढीव ऊर्जा लांबच्या माणसाला नाही, जवळच्या माणसाला लागते. पाच-सात मीटरवर कलमाच्या बुंध्याआडून अचानक समोर आलेल्या एखाद्या शाळकरी पोराला.

साडेबारा ज्यूल म्हणजे काय, ते क्रिकेटच्या चेंडूने सांगतो. सीझनचा चेंडू ताशी 45 किलोमीटरने आला तर त्यात एवढीच ऊर्जा असते. तो पाठीवर बसला तर आपण ‘आई गं’ म्हणतो आणि पुढे खेळतो. पण चेंडू मोठा असतो, भुवईचं आणि गालाचं हाड त्याला बरंचसं अडवतं. 17 मिलिमीटरची गोळी हाडाच्या खोबणीत थेट शिरते. म्हणून या खेळात मास्कला पर्याय नाही, आणि तो मास्कही वेल्डिंगचा किंवा मोटरसायकलचा गॉगल नव्हे. पेंटबॉलसाठीच्या डोळ्यांच्या संरक्षणाचं वेगळं मानक आहे, एएसटीएम एफ 1776. मास्कवर ते छापलेलं असतं. भिंगाला बारीक तडा दिसला तर भिंग फेका. आठ व्हॉल्व्हच्या पैशात आठ चांगली भिंगं येत असतील तर आम्ही डोळे मिटून भिंगं घेऊ. (हशा.) बरं, डोळे मिटून नाही, उघडे ठेवून.

आता एक गंमत, जी दुकानदार सहसा सांगत नाही. लोकांना वाटतं, दाब वाढवला की वेग वाढतो. एका मर्यादेपर्यंत खरं आहे. पण गोटी सोडा आठवा. दाब वाढला की झडप घट्ट बसते. झडपेच्या बैठकीचा व्यास 8 मिलिमीटर धरला तर 825 पौंडांच्या दाबाला तिच्यावर जवळपास 29 किलोचा रेटा येतो. 400 पौंडांना तोच 14 किलो. हातोडी आणि तिची स्प्रिंग मात्र तीच. त्यामुळे दाब फार वाढला की हातोडीचा ठोसा चकतीला थोडीशीच उचलतो आणि ती लगेच मिटते. आत दाब जास्त, पण बाहेर वायू कमी. वेग वाढायच्या ऐवजी पडायला लागतो. म्हणजे प्रत्येक झडप-हातोडी-स्प्रिंगच्या जोडीला एक जमलेला दाब असतो; त्याच्या अलीकडेही वेग कमी, पलीकडेही कमी. भाकरीच्या तव्यासारखं आहे हे. आच कमी असली तर कच्ची, जास्त झाली तर करपते.

म्हणून व्हॉल्व्ह एकटा बदलू नका. नव्या झडपेबरोबर तिला जुळणाऱ्या स्प्रिंगा आल्या आहेत का ते पाहा. मोठ्या बैठकीची झडप घेतली आणि जुनीच हातोडीची स्प्रिंग ठेवली, तर पैसे घालून मार्कर मऊ केल्यासारखं होईल.

इथून कोकणाचा खास प्रश्न सुरू होतो. तुम्ही वायू कोणता वापरता?

भाड्याच्या मार्करवर पुष्कळदा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असतो. हा वायू सिलिंडरात द्रव होऊन बसतो आणि त्याचा दाब ठरवतं तापमान. 0 अंशाला 35 बार, 20 अंशाला 57 बार, 30 अंशाला 72 बार. आणि 31 अंशाला एक विचित्र टप्पा येतो. त्याच्या वर द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही; पुढे दाब किती चढेल हे सिलिंडर किती भरला आहे त्यावर ठरतं, आणि भरगच्च भरलेल्या सिलिंडरात तो भराभर चढतो. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा सहज त्या टप्प्याच्या पुढे असतो. उन्हात उभ्या केलेल्या बंद जीपमधलं तर बोलायलाच नको. सिलिंडरच्या तोंडाशी एक पातळ चकती असते, दाब फार वाढला की ती फुटून वायू सोडून देते. ती तुमच्या जिवासाठी आहे. ती फुटते म्हणून कोणी जाड चकती बसवून देत असेल तर त्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका.

उलट बाजूही आहे. धडाधड गोळ्या सोडल्या की द्रवाची वाफ होताना सिलिंडर गार पडतो, हात लावून पाहा, दव जमतं. गार पडला की दाब उतरतो. म्हणजे सकाळी नऊला एक वेग, दुपारी दोनला दुसरा, आणि एकाच डावात पहिल्या गोळीला एक आणि तिसाव्या गोळीला वेगळा. मार्कर तिरका किंवा उलटा धरला तर द्रवच झडपेत शिरतो, रबरी कडी गारठून कडक होतात आणि गळायला लागतात. अशा मार्करमध्ये कितीही भारी व्हॉल्व्ह घाला. ज्याचा दाबच दर तासाला बदलतो त्याला जमलेला दाब कुठून आणणार?

दुसरा पर्याय साधी हवा, पण अतिदाबाची. तिचे सिलिंडर 3000 किंवा 4500 पौंडांचे असतात, आणि तोंडाशी रेग्युलेटर असतो जो बाहेर 800-850 पौंडांच्या आसपास ठरलेला दाब देतो. सिलिंडर रिकामा होत आला तरी तोच, ऊन असो की थंडी जवळपास तोच. ‘लो प्रेशर’ म्हणून जे व्हॉल्व्ह विकतात त्यांना अर्थ आहे तो इथेच, आणि तिथेही दाब आणखी खाली आणणारा दुसरा रेग्युलेटर मार्करवर असेल तरच. कमी दाबावर तेवढंच काम काढायचं तर वायूचं आकारमान जास्त लागतं. मग झडपेमागची पोकळी मोठी हवी आणि तिथवर येणारी नळी अरुंद नको. नाहीतर पहिली गोळी छान, दुसरी बरी, तिसरी वाटेतच पडणारी. कमी दाबाने गोळ्या नळीत कमी फुटतात असंही सांगतात. ते अर्धंच खरं आहे. आधीच पाहिलं की गोळीवर प्रत्यक्ष येणारा सरासरी दाब थोडकाच असतो.

आता तुम्ही म्हणाल, अशी हवा इथे भरणार कोण? आपल्या जिल्ह्यात अतिदाबाची हवा नवी नाही. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे, मालवणात पाणबुडीचा धंदा जोरात आहे, आणि पाणबुड्यांच्या सिलिंडरात साधारण 200 बार, म्हणजे 2900 पौंड हवा भरली जाते. स्कूबाच्या मोठ्या सिलिंडरातून पेंटबॉलच्या छोट्या सिलिंडरात हवा घेणं ही जगभर चालणारी पद्धत आहे. पण दोन अटी. एक, हे काम शिकलेल्या माणसानेच करायचं, सावकाश भरायचं, आणि भरायच्या तोंडाला ग्रीस किंवा तेलाचं बोटही लावायचं नाही. अतिदाबाची हवा एकदम दाबली गेली की तापते आणि तेल पेट घेऊ शकतं. दोन, सिलिंडर मान्यताप्राप्त हवा. आपल्या देशात गॅस सिलिंडर नियम, 2016 लागू आहेत, आणि सिलिंडर व त्यावरच्या व्हॉल्व्हला मान्यता देणारी यंत्रणा, पेसो, तिचं मुख्यालय तर आपल्याच नागपुरात आहे. सिलिंडरवर ठोकलेली चाचणीची तारीख वाचायला शिका. बाहेरगावाहून कोणीतरी पिशवीत घालून आणलेला, तारीख उडालेला सिलिंडर फुकट मिळाला तरी नको.

तर आधी वायू ठरवा, मग व्हॉल्व्ह. आणि त्याच्याही आधी, खरंच व्हॉल्व्हचाच दोष आहे का ते पाहा. चिठ्ठीवाल्या मित्राला आम्ही सांगितलं होतं की आठापैकी जो सर्वांत वाईट तो घेऊन ये. आणलाय. (मार्कर दाखवतात.) सिलिंडर काढलेला आहे, आत उरलेला वायू सोडून दिला आहे, नळीत गोळी नाही. उघडण्याआधी हे तिन्ही प्रत्येक वेळी.

नळीतून सतत बारीक सूं असा आवाज येत असेल तर कपसील खराब आहे किंवा बैठकीवर कचरा बसलाय. ती छोटी चकती बदला, पूर्ण व्हॉल्व्ह नव्हे. घोडा एकदा ओढल्यावर मार्कर स्वतःच फटफटफट सुटत असेल तर बहुतेक वेळा सिलिंडर संपत आलाय. मागे येणारा वायू हातोडीला पूर्ण ढकलू शकत नाही, ती अडकत नाही आणि पुन्हा पुढे जाते. सिलिंडर भरलेला असूनही तसंच होत असेल तर हातोडी अडकवणारा खटका झिजलाय. यातही व्हॉल्व्ह निर्दोष. रबरी कड्यांचं म्हणाल तर कार्बन डायऑक्साइड साध्या काळ्या नायट्राइलच्या कड्यांत शिरून त्यांना फुगवतो. त्या वायूसाठी पॉलियुरेथेनची कडी टिकतात. हा काही रुपयांचा खर्च आहे.

हे सगळं ठीक असेल तर वेगमापक लावा. वेगमापक नसेल तर आधी तो घ्या; त्याच्याशिवाय मार्करला हात लावणं म्हणजे काटा नसलेल्या तराजूवर सोनं तोलणं. एकाच डब्यातल्या दहा गोळ्या सोडा आणि आकडे कागदावर लिहा. आकडे एकमेकांजवळ आहेत पण सगळेच कमी, तर स्प्रिंग किंवा वेगाचा स्क्रू फिरवून पाहा. स्पायडरसारख्यात मागचा स्क्रू हातोडीची स्प्रिंग आवळतो. टिपमन 98 मध्ये बाजूचा स्क्रू वायूच्या वाटेतच आडवा येतो. गंमत पाहा, टिपमनमध्ये मोठ्या वाटेचा व्हॉल्व्ह घालून वेग मर्यादेबाहेर गेला की तोच स्क्रू आत घालून तीच वाट पुन्हा अडवावी लागते. आकडे इकडेतिकडे उडत असतील, एक 250 आणि एक 300, तर दोष दाबाच्या चढउताराचा किंवा गोळ्यांचा. सगळं करूनही वेग मर्यादेच्या खूप खाली राहतो, किंवा वेग येतो पण सिलिंडर फार लवकर संपतो, तेव्हाच नव्या व्हॉल्व्हचा विचार करा.

गोळ्यांबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण आमच्या मते आपल्याकडच्या निम्म्या तक्रारी तिथल्या आहेत. जिलेटिन ओलावा पितं. आपली हवा कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. जुलैत मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. उघड्या पिशवीतली गोळी फुगते, चिकट होते, एका बाजूला बसते. अशी गोळी नळीत घासत जाते, फुटते, आणि बाहेर पडली तरी भोवऱ्यासारखी वाकडी जाते. गिऱ्हाईक म्हणतं मार्कर बेकार, मालक म्हणतो व्हॉल्व्ह बेकार. फणसपोळी आणि पापड ज्या काळजीने ठेवता त्या काळजीने गोळ्या ठेवा : घट्ट झाकणाचा डबा, गार जागा, लागतील तेवढ्याच बाहेर. आणि फुगलेली गोळी नळीत हळूच टाकून पाहा. अडकली तर तो डबाच बाजूला.

आता मुद्द्याचं, व्हॉल्व्ह घ्यायचंच ठरलं तर. मापापासून सुरुवात करा. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची झडप एकमेकांना लागेलच असं नाही. जुना व्हॉल्व्ह काढून, लांबी आणि स्क्रूच्या भोकांची जागा मापून मगच मागवा. ‘सगळ्यांना बसतो’ असं लिहिलेलं असेल तर दोनदा विचार करा. मग धातू पाहा. पितळ किंवा स्टेनलेस स्टील आपल्या खाऱ्या वाऱ्यात टिकतं, साधं पोलाद तांबारतं. पण मार्करचं अंग बहुतेक ॲल्युमिनियमचं असतं, आणि ॲल्युमिनियमला पितळ चिकटून, वर खारट ओल आली की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजतं. किनाऱ्याजवळ मैदान असणाऱ्यांनी आठवड्याला झडप काढून, कोरड्या फडक्याने पुसून, मार्करचं तेल दोन थेंब लावून परत बसवावी. हे तेल मार्करच्या आत. सिलिंडर भरायच्या तोंडाला नाही, ते वर सांगितलंच. तिसरं, सुटे भाग. विहिरीवरच्या पंपाला आपण असा फुटबॉल घेतो ज्याचा वायसर कणकवलीच्या बाजारात मिळतो. मग इथे का नाही? ज्या व्हॉल्व्हचं कपसील परदेशातूनच येतं तो ऐन दिवाळीच्या गर्दीत गळायला लागला तर मार्कर भिंतीवर टांगावा लागेल. आणि शेवटचं म्हणजे एकच घ्या. आठ नाही. एका मार्करला बसवा, त्याच दिवशी, त्याच डब्यातल्या गोळ्यांनी, जुन्याशेजारी नवा असा वेग आणि एका सिलिंडरात किती गोळ्या जातात ते मोजा. गोळ्यांची संख्या चांगली वाढली तर बाकीचे मागवा. नाही वाढली तर सात व्हॉल्व्हचे पैसे वाचले.

दोन प्रश्नांना वेळ आहे. हां, मागून.

‘भाड्याचे मार्कर आहेत, गिऱ्हाईक स्वतःच स्क्रू फिरवून वेग वाढवतं. काय करायचं?’

हा फार चांगला प्रश्न आहे. वेग ठरवून झाला की स्क्रूवर रंगाचा ठिपका द्या, अर्धा स्क्रूवर आणि अर्धा अंगावर. ठिपका तुटलेला दिसला की तो मार्कर डावातून बाहेर, पुन्हा मोजल्याशिवाय आत नाही. काही मार्करमध्ये किल्लीशिवाय न फिरणारा स्क्रू बसवता येतो. आमच्या मते भाड्याच्या मैदानासाठी हाच सगळ्यांत उपयोगी सुटा भाग. आणि भाड्याच्या मार्करचा वेग 300 वर कशाला ठेवायचा? 260-270 ठेवा. हिशेब तोच उलटा लावा, पाच-सहा मीटर कमी होतील. तेवढी जाळी आत घ्या, खेळ जास्त रंगतो.

ताई, तुम्ही हात वर केला होता.

‘मास्क घालून उकडतं म्हणून लोक मध्येच काढतात. ऐकत नाहीत.’

उकडतं हे खरंच आहे, आपल्या हवेत तर फारच. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, सोय करावी लागेल. डाव दहा मिनिटांपेक्षा लांबवू नका. जाळीच्या बाहेर सावली, पाणी, पंखा ठेवा, म्हणजे काढायला जागा आहे हे त्यांना दिसेल. दुहेरी काचेचं भिंग घेतलंत तर आत धुकं कमी धरतं. माणूस बहुतेक वेळा दिसत नाही म्हणूनच मास्क उचलतो. आणि क्रम पक्का ठेवा : आधी मास्क, मग मार्कर हातात. परत येताना आधी नळीवर कापडी पिशवी, मग जाळीबाहेर, मग मास्क. आत कोणाचाही मास्क निघाला तर शिट्टी आणि सगळ्यांचे मार्कर खाली. पैसे परत मागितले तर द्या.

बरं, वीज अजून आहे. बाहेर आंब्याखाली जाळी लावली आहे आणि वेगमापक तयार आहे. ज्यांनी मार्कर आणलेत त्यांनी सिलिंडर काढलेलाच ठेवून, नळीवर पिशवी चढवून रांगेने या. गोळ्या आमच्याच डब्यातल्या वापरायच्या. चिठ्ठीवाल्या मित्राचा आधी घेऊ, जुन्या व्हॉल्व्हवरच. वही कोणाकडे आहे?